कमळाच्या ओटीतला नारळ

धामणकर नाक्यावरून आत वळलं की लूमच्या, यंत्रमागांच्या, खडखडाटातूनच पुढे जावं लागतं. नवखा माणूस तिथे ओरडून बोलतो. कमळा कधी ओरडली नाही. ती हळूच बोलायची आणि समोरच्याने तिच्या ओठांकडे बघून काय ते समजून घ्यायचं. घरातल्यांना त्याची सवय होती, म्हणजे असं की कमळा काही बोलली तरी कुणी फारसं वर बघत नसे.

ती लग्न होऊन या कौलारू घरात आली तेव्हा मागच्या दाराला लागून भाताचं खाचर होतं. पुढे सासऱ्यांनी खाचर बुजवून शेड बांधली आणि मागवाल्यांना भाड्याने दिली. कमळाचा नवरा दौलत त्याच शेडमध्ये मागांची दुरुस्ती बघायचा. धाकटा दीर मनोज शिकलेला, तो गोदामात सुपरवायझर होता. मनोजचं लग्न झालं, हेमाली घरात आली आणि वर्षाच्या आत तिला दिवस गेले. कमळाच्या लग्नाला तोवर बारा वर्षं होऊन गेली होती आणि तिची कूस रिकामीच होती.

उपाय करायचे राहिले नव्हते. वज्रेश्वरीला नवस बोलून झाला, तिथल्या कुंडांच्या कढत पाण्यात कातडी लाल होईपर्यंत बसून झालं, ठाण्याच्या डॉक्टरांकडे तपासून झालं. तुमच्यात काही दोष दिसत नाही, पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन या, असं डॉक्टर म्हणाले होते. दौलत गेला नाही. कमळाने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि सासू पुतळाबाई चारचौघांत "आमची थोरली वांझोटी" म्हणाली तेव्हाही ती खाली बघून तांदूळ निवडत राहिली.

हेमालीला मुलगी झाली, भाविका. बाळंतपणानंतर हेमालीला कावीळ झाली. डॉक्टरांनी अंगावर पाजायला मना केलं आणि पोर कमळाकडे आली. हेमाली बरी झाली तोवर तिचं दूध आटलं होतं. पुढे तिला गोदामाच्या ऑफिसात नोकरी लागली. भाविका दिवसा कमळाकडे असायची, आणि हळूहळू रात्रीही तिच्याच कुशीत झोपू लागली. बोलायला लागली तेव्हा ती हेमालीला 'मम्मी' म्हणाली आणि कमळाला 'मोठी आय'. त्या दोन शब्दांतला 'आय' कमळाला पुरेसा होता.

तबेल्याचं दूध पोरीला रुचेना. बाटली तोंडाला लावली की ती जिभेने बाहेर ढकलायची.

"आगो कमळे, पान्यासारखा दूध कोन पिल?" पुतळाबाई म्हणाली. "जरा साखर घाल. आमची सगली पोरा गोडावरच वाढली."

कमळाने चमचाभर साखर घातली. पोरगी गटागटा प्यायली. हेमाली ऑफिसातून आली, तिने रिकामी बाटली बघितली आणि हसून म्हणाली, "बरं झालं बाई, एकदाची पोटभर प्यायली. आता झोपेल तरी."

ती झोपायची, पण तिची झोप जगावेगळी होती. मागांची खडखड चालू असली की पोर ढाराढूर. वीज गेली, माग थांबले आणि सगळीकडे सामसूम झाली की दचकून उठायची आणि किंचाळायची. त्या वर्षांत भारनियमन रोजचंच होतं. कमळाने उशाशी गोड दुधाची बाटली भरूनच ठेवली. अंधार झाला, आवाज बंद झाला की ती चाचपडत बाटली पोरीच्या तोंडात द्यायची. पोरगी चोखत चोखत झोपायची आणि बाटली सकाळपर्यंत तोंडातच राहायची. घरात सगळे कमळाचं कौतुक करत. पोरीचा आवाज नाही, त्रास नाही.

वरचे पुढचे चार दात आले ते तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे होते. मग हिरडीच्या कडेने एक खडूसारखी रेघ उठली. रेघ पिवळी झाली, मग तपकिरी. पोर तीन वर्षांची होता होता ते दात झिजून काळे खुंट झाले.

"काय गो भाविका, आजीबरोबर मिशरी लावतेस काय?" मनोज तिला चिडवायचा. पोरगी खुदुखुदु हसायची आणि काळे दात आणखी दिसायचे. पुतळाबाई म्हणायची, "मामाच्या घरचे दात हायेत ते. गणेशपुरीवाल्यांचे असेच." हेमाली त्यावर फणकारायची. पण डॉक्टरकडे न्यायला हवं असं कुणालाच वाटलं नाही. दुधाचेच तर दात, पडतील आणि नवे येतील.

अशात हेमालीला पुन्हा दिवस गेले. बातमी कळली त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. पुतळाबाईने भाताचा घास हातातच ठेवला आणि म्हणाली, "पयला तुमचा, दुसरा कमळीच्या ओटीत. घरातला पोर घरातच ऱ्हाईल. बोल रे मनोज."

त्यांच्यात ही रीत होती. भावाचं मूल निपुत्रिक भावाच्या बायकोच्या ओटीत घालायचं, सगळ्यांच्या साक्षीने, आणि मग ते तिचं. मनोज म्हणाला, "आये, तू म्हणशील तसं." दौलतचा हात ताटात थांबला. हेमालीने मान हलवली.

निदान कमळाला तसं दिसलं. पुढे कित्येकदा तिने तो क्षण आठवून पाहिला. हेमालीने होकाराची मान हलवली होती, की आमटीभात कालवताना नुसतंच तिचं डोकं हललं होतं? त्यानंतर तिला कुणी विचारलं नाही. कमळानेही नाही. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर, ही भीती होती.

दुसऱ्याच आठवड्यात दौलतने लाकडाच्या पाळण्यासाठी खोलीच्या वाशाला लोखंडी कडी ठोकली. दोन्ही हातांनी लोंबकळून त्याने ती पारखली. "माझा भार घेतला," तो म्हणाला. "पोराचा काय न्हाय घेनार?" लग्नानंतर एवढं लांबलचक तो क्वचितच बोलला होता. कमळा तोंडाला पदर लावून हसली.

आणि मग ती तयारीला लागली. पाळण्याची नव्हे, भाविकाची.

एका पोरीच्या जागी दुसरं पोर येतं तेव्हा पहिल्याच्या मनात काय होतं, हे कमळाला ठाऊक होतं. ती स्वतः सहा भावंडांत थोरली होती. भाविकाला दुखवायचं नव्हतं. तिने जुन्या लुगड्याच्या धडप्यात लाटणं गुंडाळून त्याचं बाळ केलं आणि भाविकाच्या मांडीवर दिलं. मान कशी धरायची, पापा कुठे घ्यायचा, झोपलेल्या बाळाजवळ पाय न आपटता कसं चालायचं, हे सगळं शिकवलं. मम्मीच्या पोटावर उडी मारायची नाही, तिथे कान लावायचा. भाविका कान लावायची आणि सांगायची, "आत लूम चालू हाय." हेमालीसुद्धा पोट धरून हसायची. त्या दिवसांत घर खरंच चांगलं होतं.

"बाळ कुठं झोपनार?" भाविकाने एकदा विचारलं.

"माझ्याजवळ."

"मंग मी?"

कमळाने याचं उत्तर तयार ठेवलं होतं, तरी ते सांगताना तिला पोरीचे केस विंचरायचं निमित्त काढून पाठीमागे जावं लागलं. "तू आता मोठी. तू मम्मीजवळ झोपनार. मम्मी एकटी पडंल ना. बाळ मोठ्या आयचा, आनी तू मम्मीची."

भाविका रडली, हट्ट करून बसली, दोनदा उशी घेऊन परत आली. दोन्ही वेळा कमळाने तिला हाताला धरून हेमालीच्या खोलीत नेऊन सोडलं. तिसऱ्या वेळी ती आली नाही. कमळा आपल्या अंथरुणात त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून पडली आणि स्वतःला समजावत राहिली की ही जागा रिकामी करावीच लागणार होती.

पावसाळा संपता संपता भाविकाचा गाल सुजला. एका बाजूने तोंड इतकं वर आलं की डोळा मिटायला लागला. पोर पाण्याचा घोटही घेईना. कमळा तिला रिक्षात घालून नाक्यापलीकडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. हेमालीला सातवा लागला होता, तरी तीही बरोबर आली.

डॉक्टरीण तरुण होती, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायची. तिने बोटाने वरचा ओठ उचलला आणि आत बॅटरी मारली. "बच्ची बाटली मुंह में लेके सोती है ना? दूध में शक्कर?"

कमळाने हेमालीकडे पाहिलं. हेमाली भिंतीवरच्या चित्राकडे बघत होती.

"हो," कमळा म्हणाली.

"रातभर दांत शक्कर में पडे हैं, माँजी. एक में पस झालाय, तो काढावा लागेल. बाकी के रखेंगे, साफ करेंगे. दुधाचे दात आहेत म्हणून असं सोडून द्यायचं नसतं. खाना, बोलना, सब इन्हीं से है. और नीचे पक्के दांत बैठे हैं, उनको भी इन्फेक्शन लगता है. कोण देतं बाटली?"

"मी देते."

दात काढताना भाविकाने कमळाच्या दंडाला दोन्ही हातांनी विळखा घातला होता. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना हेमालीने तिला ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "ताई, एवढी साखर घालायची असते का?" तेवढंच. कमळा म्हणू शकली असती की बाटली बघून तू हसली होतीस. पण रिक्षा खड्ड्यांतून हादरत चालली होती, हेमाली पोट सावरत होती, आणि तिच्या पोटात कमळाचं बाळ होतं. तिला दुखवून चालणार नव्हतं.

त्या दिवसापासून कमळाने दातांचं व्रतच धरलं. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. बाटली सुटावी म्हणून तिने भाविकाला सांगितलं की बाटली आता बाळाची. बाळाला दात नसतात, म्हणून त्याला बाटली, तुला पेला. पोरगी चार-पाच रात्री बाटलीसाठी रडली. हेमालीच्या खोलीतून तिचं रडणं ऐकू यायचं आणि कमळाला उठून जावंसं वाटायचं, पण ती गेली नाही. मग एका सकाळी भाविकाने स्वतःच बाटली धुवून कमळाच्या खोलीत, कडीच्या बरोबर खाली, जमिनीवर आणून ठेवली. "बाळ आला की दे त्याला," ती म्हणाली. "पन साखर नको घालू हां, मोठी आय. दात सडतात."

रोज सकाळ-संध्याकाळ कमळा मागच्या दारात पाय पसरून बसायची आणि भाविकाचं डोकं मांडीवर घ्यायची. वरचा ओठ उचलून, डॉक्टरणीने दाखवलं होतं तसं, मऊ ब्रशाने एकेक दात हिरडीपासून खाली हलकेच घासायची. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी. शेवटी ओल्या फडक्याने हिरड्या पुसायच्या. शेडमधले माग चालवणारे उत्तरेकडचे लोक येता-जाता थट्टा करायचे, "भाभी, घोडा खरीद रही हो क्या? रोज दांत गिनती हो." कमळा हसायची. खालचे दात आणि दाढा तिने किडू दिल्या नाहीत. वरचे राहिलेले तीन मात्र काळेच राहिले. गेलेलं परत येत नाही असं डॉक्टरणीने आधीच सांगितलं होतं. तरीही ती घासत राहिली. आपल्याला मूल सांभाळता येतं हे कुणालातरी दिसायला हवं होतं.

हेमालीला मुलगा झाला.

दवाखान्यातून बातमी आली तेव्हा पुतळाबाईने पेढे वाटले आणि कमळाच्या तोंडातही एक कोंबला. "देवीनं ऐकला गो तुझा," ती म्हणाली. पण संध्याकाळी हेमालीची आई आनंदीबाई गणेशपुरीहून आली, दोघी विहिणी ओट्यावर कितीतरी वेळ कुजबुजत बसल्या, आणि त्यानंतर पुतळाबाईची नजर कमळाच्या नजरेला भिडेना. कमळाला ते दिसलं. तिने ते मनावर घेतलं नाही. बाळंतिणीचं घर, शंभर भानगडी असतात.

बाळ घरी आलं तेव्हा भाविकाने शिकवल्यासारखंच सगळं केलं. मान धरली, पापा टाळूवर न घेता पायावर घेतला, चवड्यांवर चालली. आनंदीबाई मात्र बाळंतिणीच्या खोलीच्या दारातच पाट टाकून बसलेली असायची. कमळा बाळाला घ्यायला हात पुढे करी तेव्हा ती म्हणायची, "आता प्यायलाय. झोपू दे." किंवा, "त्याला सवय नको लावूस हातांची." आंघोळ आनंदीबाई घालायची, शेक आनंदीबाई द्यायची. कमळाच्या वाट्याला लंगोट धुणं आलं. तिने तेही आनंदाने केलं. बारशाला बाळ ओटीत पडणार होतं, बाराव्या दिवसापर्यंतच तर थांबायचं होतं.

बारशाला तिने हिरवं लुगडं नेसलं. दौलत अंगात नवा शर्ट घालून कोपऱ्यात उभा होता, त्याच्या बाह्यांच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. पाळण्याच्या एका बाजूला कमळा, दुसऱ्या बाजूला आनंदीबाई. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याच्या खालून आणि वरून या हातांतून त्या हातांत जायचं. बारा दिवसांचं बाळ ते, हातात घेतलं की हातच हलके होतात. खालून ते कमळाकडे आलं, वरून आनंदीबाईकडे गेलं. पुन्हा कमळाकडे आलं. शेवटच्या खेपेला आनंदीबाईकडे गेलं आणि तिथून ते पाळण्यात गेलं. आत्याने कानात नाव सांगितलं, मितेश. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, हशा झाला.

मग पुतळाबाई म्हणाली, "कमळे, बस पाटावर."

कमळा बसली. तिने पदर दोन्ही हातांत धरून पसरला. पुतळाबाईने हळदकुंकू लावलं. ओंजळीने तांदूळ घातले, खण घातला, वर सोललेला नारळ ठेवला, आणि ती मागे सरली.

कमळा तशीच बसून राहिली. एवढ्यावर ओटी संपत नसते असं तिला वाटत होतं. बायका पुढच्या बाईसाठी जागा करू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "ऊठ गो, आता माझी भर." तरी ती पदर पसरून बसलेलीच.

तेव्हा भाविका पुढे आली. तिला गेले कित्येक महिने हाच क्षण शिकवलेला होता. तिने पाळण्याला हात लावला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आजी, नारळ काय देतेस? बाळ दे ना मोठ्या आयला! तिचा हाय तो."

कुणी हसलं, मग हसणं अर्धवट राहिलं. हेमाली खाली मान घालून बसली होती. बोलली ती आनंदीबाई. तिने भाविकाला दंडाला धरून जवळ ओढलं, हनुवटी वर केली आणि अंगठ्याने तिचा वरचा ओठ उचलला. ओठ असा उचलायचा हे तिने मागच्या दारात बघितलं असणार.

"बघा बायांनो," ती म्हणाली. "एकीच्या तोंडाचे हे हाल केलेत हिनं. साखर पाजून पाजून दात खाल्ले पोरीचे. आता हा बारा दिवसांचा जीव द्यायचा हिच्या हातात? माझी लेक काही बोलायची नाही, म्हणून मला बोलावं लागतंय."

बायका पुढे झुकून बघत होत्या. काळे खुंट, मधली रिकामी जागा. भाविकाचे डोळे भेदरलेले आणि ते कमळाकडे लागलेले. कमळा पुतळाबाईकडे बघत होती. पुतळाबाई एकच वाक्य बोलली असती तरी पुरलं असतं. साखर घाल असं मीच सांगितलं, एवढंच. पुतळाबाई कुंकवाची कोयरी पुसत होती. कमळाने हेमालीकडे पाहिलं. हेमालीने पाळण्याची दोरी हातात घेतली आणि हळूहळू ओढू लागली.

"सोडा तिला," कमळा म्हणाली. "हिरडी दुखते तिची." नेहमीसारखंच ती हळू बोलली. ते कुणाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

दौलत कोपऱ्यातून केव्हा निघून गेला ते कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी तो शेडमध्ये एका बंद मागाखाली पाना घेऊन पडलेला सापडला. नव्या शर्टाला वंगण लागलं होतं.

पुढे एकदा पुतळाबाई चुलीशी बसून, कमळाकडे न बघता म्हणाली, "पोरगी झाली असती तर दिला असता गो. मुलगा हाय. कोन देतो?" ती समजूत घालत होती. कमळाला तेव्हा कळलं की दात हे नुसतं सांगायला बरं कारण होतं. पण कळून उपयोग नव्हता, कारण दात खरेच काळे होते, आणि साखर खरीच तिने घातली होती. खोटा आळ झटकता येतो. हा खोटा नव्हता. रात्री बाटली पोरीच्या तोंडात दिली होती ती तिच्याच हातांनी, दुसऱ्या कुणाच्या नाही.

तिने एक आशा मात्र धरून ठेवली होती, भाविकाची. बाळ नाही तर नाही, निदान पोरगी परत कुशीत येईल. तिने अंथरूण पहिल्यासारखं घातलं, उशी ठेवली. भाविका दिवसभर तिच्या मागे मागे असायची, पण झोपायची वेळ झाली की उठायची.

"इथंच झोप ना आज," कमळा म्हणाली.

पोरीने शहाण्यासारखी मान हलवली. "मी मोठी झाले ना. तूच सांगितलंस. मी मम्मीची."

तिला घडवलं होतं तसंच पोर वागत होती. कमळाने शिकवलेलं ती काहीच विसरली नव्हती. पाय न आपटता ती चवड्यांवर बाहेर गेली.

वर्षभरात मनोजने अंजूरफाट्याकडे फ्लॅट घेतला आणि चौघं तिकडे गेली. पुतळाबाई महिना इथे, महिना तिथे करू लागली. कमळा दिवसा शेडमध्ये जाऊन सुताच्या कांड्या भरायची. हाताला काम हवं म्हणून. लाकडी पाळणा एका मागवाल्याच्या बायकोला दिला. वाशाची कडी काही निघेना. दौलतने ती इतकी पक्की ठोकली होती की काढायला गेलं तर वासा चिरला असता. तिला मग कांद्यांची टोपली टांगली.

भाविका सात वर्षांची व्हायला आली तेव्हा एका रविवारी चौघं आली. आल्या आल्या भाविका धावत आत गेली आणि तिने मूठ उघडली. तळहातावर काळा खुंट होता, उडदाच्या दाण्याएवढा.

"मोठी आय, माझा दात पडला. आमच्याकडे कौलं नाहीत ना! खालचे पडले ते मम्मीने कचऱ्यात टाकले. शाळेतल्या मुली म्हणतात, कौलावर टाकले नाहीत तर वाकडे येतात."

तिचं बोलणं बदललं होतं. हाय, न्हाय गेलं होतं. ती हसली तेव्हा खाली दोन नवे दात दिसले, रुंद, करवतीसारख्या कडांचे, स्वच्छ. कमळाने तिची हनुवटी धरली आणि उजेडाकडे वळवली. वर हिरडीतून आणखी एक पांढरी कड डोकावत होती. तीही सरळ होती, डाग नव्हता. बाकीचे काळे होते ते हलत होते. वर्षभरात एकही उरणार नव्हता.

दोघी मागच्या दारी गेल्या. भाविकाने दात फेकला तो पन्हाळीला लागून परत आला. दुसऱ्यांदा कमळाने फेकला. तो वर कुठेतरी टक् करून पडला आणि तिथेच राहिला. भाविकाने टाळ्या वाजवल्या आणि ती आत पळाली. दातांपायी जे गेलं ते त्या पोरीला आठवतही नव्हतं. आठवण ठेवण्यासारखं तोंडातही आता फार दिवस काही उरणार नव्हतं.

कमळा घरात आली तेव्हा पुढच्या खोलीत मितेश चटईवर उताणा पडला होता. पावणेतीन वर्षांचा गुटगुटीत पोर, तोंडात बाटली, डोळे अर्धे मिटलेले. बाटलीत गुलाबी सरबतासारखं काहीतरी होतं. तिला बघून त्याने बाटली बाजूला केली. "काकी," तो म्हणाला, पाहुण्याला म्हणावं तसा. वरच्या दोन दातांवर, हिरडीच्या अगदी कडेला, एक खडूसारखी रेघ होती.

ती रेघ कमळाने ताबडतोब ओळखली.

"हेमाली," ती म्हणाली, "झोपताना बाटली नको देऊस त्याला. साखर तर अजिबात नको. ती रेघ बघ. आत्ता डॉक्टरकडे नेलंस तर थांबंल."

हेमाली पिशवीतून कपडे काढत होती. तिने वळून बघितलं. रागावली नव्हती ती, नुसती थकलेली दिसत होती. "त्याच्याशिवाय तो झोपतच नाही हो ताई," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "तुम्ही सांगताय हे?"

मनोज पेपरात डोकं घालून बसला होता. पुतळाबाई म्हणाली, "दुधाचेच दात. पडतील."

कमळाने मोरीवर जाऊन पदराचं टोक धुतलं, पिळलं, मितेशजवळ बसली आणि बोटाला गुंडाळून त्याचा वरचा ओठ उचलला. हिरडीच्या कडेने ती हलकेच पुसू लागली. पोर क्षणभर गप्प राहिलं. मग ते बोट त्याला परकं वाटलं असावं. तो कडकडून चावला.

"अरे, अरे!" हेमालीने धावत येऊन त्याला उचललं. "ताई, राहू द्या ना आता." तिने बाटली त्याच्या तोंडात दिली. मनोजने घड्याळ बघितलं आणि ती सगळी निघाली. भाविकाने रिक्षातून हात हलवला.

कमळा ओट्यावर बसून राहिली. बोटावर बारीक दातांच्या दोन ओळी उमटल्या होत्या, वरच्या आणि खालच्या, मोजता येतील इतक्या स्पष्ट. आत वीज गेली, माग थांबले. दौलत शेडमधून बाहेर आला आणि तिच्या शेजारी टेकला. त्याने तिचं बोट बघितलं. दोघं तशीच त्या शांततेत बसली. वीज आली तोवर बोटावरच्या खुणाही गेल्या होत्या.